दादाचा उलटा नळ

आमच्या दादाला सगळे किल्लीदादा म्हणतात. चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा गेली अठ्ठावीस वर्षं त्याच्या कमरेला आहे, आणि तो चालायला लागला की माणसाच्या आधी जुडगा ऐकू येतो. बरंच आहे म्हणा ते, नाहीतर हा माणूस खोलीत आहे की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही. याच्या तोंडालाही एक कुलूप आहे आणि त्याची किल्ली काही त्या जुडग्यात नाही.

मला लोक मागून तोफ म्हणतात. मी दादाची धाकटी बहीण. माझा नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मी दादा-वहिनींजवळच राहते. चर्चच्या पाठीमागे दोन खोल्या आहेत, त्या दादाला कामाबरोबर मिळालेल्या. पुढच्या खोलीत माझी कॉट आणि शिलाई मशीन, मागच्या खोलीत त्या दोघांचा पलंग, आणि मधल्या बोळकांडीत स्वयंपाक. दोन माणसं एकदम वळली की एकाला ओट्यावर चढावं लागतं. तरीपण ते घर आहे, आणि या वयात दुसरं आम्हाला कोण देणार होतं?

दादाचं काम सांगायला गेलं तर संपत नाही. दारं उघडायची, बाकं पुसायची, घंटेची दोरी झिजली की बदलायची, उडालेले दिवे शिडीवर चढून लावायचे, फुलदाण्यांतलं कुजकं पाणी फेकायचं, लग्नाच्या आधी खुर्च्या मांडायच्या आणि मयतीनंतर उचलायच्या. पुढच्या चौथऱ्याच्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद आहे, त्याच्या पाण्यात बुडवून माणसाला चर्चमध्ये सामील करून घेतात. बाप्तिस्मा असेल तेव्हा फळ्या उचलून तो हौद घासायचा आणि भरायचा, हेही त्याचंच. रविवारी चारशे माणसं येतात, पण फरशी कोणी पुसली हा प्रश्न कोणाला पडत नाही. फरशी पुसलेली नसेल तेव्हाच तो पडतो.

माझं टेबल कोर्टाच्या फाटकाबाहेर आहे. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. लोकांची प्रतिज्ञापत्रं मी टाइप करून देते. तीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: जो गप्प बसतो, तो हरतो. त्याचं खरं असो की खोटं, ते कोणी बघत नाही. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की मोघम लिहू नका, वेळ लिहा, दार कुठल्या बाजूला होतं ते लिहा, हात कुठला होता तेही लिहा.

आणि माझ्याच घरात हा माणूस. एकदा आमच्या चर्च कमिटीच्या चेअरमनची छत्री हरवली. रिटायर्ड हेडमास्तर ते, सगळ्या जगाकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघतात. चर्चमध्ये ठेवली होती, म्हणजे किल्लीदादालाच माहीत असणार, असं त्यांनी चारचौघांत ऐकवलं. दादा तीन दिवस बाकांखाली वाकून छत्री शोधत होता. चौथ्या दिवशी ती चेअरमनच्याच गाडीत निघाली. दादानं काय केलं? ती पुसली, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. ते थँक्यूसुद्धा म्हणाले नाहीत. मी म्हटलं, अरे निदान एक शब्द तरी बोलायचास. तर म्हणतो कसा, "सापडली ना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भिंतीशी किती भांडणार?

आता खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. चर्चमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग मीच घेते. घेते कसली, जीव ओतते. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करून डोकं विटलेलं असतं, आणि गुरुवारी संध्याकाळी त्या वर्गात बसलं की मला माणसात आल्यासारखं वाटतं. माझ्याकडे माझं म्हणावं असं ते एकच आहे. या खेपेला तिघं होते. लाँड्री चालवणारं एक जोडपं, आणि एक बाई, बसमध्ये कंडक्टर. ही कंडक्टरबाई म्हणजे प्रश्नांचं मशीन. तिकीट न घेता कोणी पुढे गेलेलं तिला चालत नाही, तसं माझं एक वाक्य तिनं तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही.

आम्ही यशया संदेष्ट्याच्या त्या सेवकापर्यंत आलो होतो. मला तो अध्याय तोंडपाठ आहे. ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधी संदेष्टा सांगतो की देवाचा एक सेवक येईल. त्याला रूप नसेल, डौल नसेल, लोक त्याच्याकडे बघून तोंड फिरवतील. याला देवानंच मारलंय, याचं काहीतरी चुकलंच असणार, असं सगळे धरून चालतील. आणि मार तर तो दुसऱ्यांच्या अपराधांचा खात असेल. त्याच्यावर आरोप होतील, त्याला ओढत नेतील, आणि तो तोंडातून अवाक्षर काढणार नाही. मी वर्गाला समजावलं की हा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्रच, असं यहुदी लोकांतले पुष्कळ जण मानतात. पण पहिल्या शिष्यांनी तो अध्याय वाचला आणि त्यांना त्यात येशू दिसला. एक परदेशी अंमलदार रथात बसून हेच वाचत होता, त्यानं विचारलं की संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्या कोणाबद्दल, आणि शिष्यानं त्याच्या शेजारी बसून त्याला येशूची गोष्ट सांगितली. आपला विश्वास तो हाच, की ज्याची वाट बघायला सांगितलं होतं तो आला, आणि तो राजासारखा आला नाही, नोकरासारखा आला.

लाँड्रीवाल्या जोडप्यानं माना डोलावल्या. कंडक्टरबाईनं बोट वर केलं. "ताई, सेवक कोण ते कळलं. पण यात सारखं आम्ही आम्ही आहे. आम्ही त्याला मानलं नाही, आम्ही भरकटलो. हे आम्ही म्हणजे कोण?"

मी म्हटलं, तेव्हाचे लोक. ज्यांना तो कळला नाही ते.

"मग ते 'आपण' का नाही म्हणत? 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो."

मी घड्याळाकडे बघितलं आणि हे पुढच्या वेळी घेऊ म्हणून वर्ग सोडला. उत्तर आलं नाही की मी घड्याळाकडे बघते, ही माझी जुनी खोड आहे.

त्याच आठवड्यात हौदाचा नळ गळायला लागला होता. चौथऱ्यामागे कपडे बदलायची एक अरुंद खोली आहे, तिथे तो नळ आहे, आणि त्याला पाइप जोडून हौद भरतात. दादानं कुठूनतरी नवा नळ आणला आणि स्वतःच बसवला. रात्री जेवताना तो त्या नळाचं काहीतरी सांगत होता. पण मी तेव्हा गायनमास्तरांवर तुटून पडले होते. आमचे गायनमास्तर पायपेटी वाजवतात आणि ती पेटी, तो चौथरा, ते चर्च सगळं आपल्या मालकीचं असल्यासारखे वागतात. त्यांनी दादाला सगळ्यांसमोर म्हटलं होतं की पेटीवर धूळ आहे. मी वरण ओतता ओतता त्यांचा उद्धार करत होते, आणि दादा दोनदा "अगं, तो नळ" म्हणाला आणि मग जेवायला लागला.

शनिवारी दुपारी त्यानं हौद भरायला लावला. रविवारी तिघांचा बाप्तिस्मा होता. नळ अर्धाच सोडला होता, कारण जोरात सोडला की पाइप निसटतो. चार वाजता पाणी गेलं. वहिनीच्या गुडघ्याचा फोटो काढायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून तो मला म्हणाला की कुलूप लावायच्या आधी तेवढा नळ बंद कर, पहाटे पाणी येतं. मी सहाला गेले. नळाला थेंब नव्हता. मी तो नीट पिळून बंद केला, दार ओढलं, कुलूप लावलं. बाहेर पडताना गायनमास्तर समोरून येत होते, सरावाला. त्यांच्याकडे त्यांची वेगळी किल्ली असते.

रविवारी सकाळी दादानं दार उघडलं तर घोट्याएवढं पाणी. हौद भरून वाहिला होता, चौथऱ्याच्या फळ्या फुगून वर आल्या होत्या, लाल गालिचा नुसता चिखल झाला होता, आणि पायपेटीचा भाता भिजून फाटला होता. पन्नास वर्षांची पेटी ती. गायनमास्तर आले आणि तिच्यासमोर मटकन खालीच बसले. चारशे माणसं अंगणात उभी राहिली. बाप्तिस्मा पुढे ढकलला. कंडक्टरबाई नवी पांढरी साडी नेसून आली होती, ती पदर खोचून आमच्याबरोबर पाणी उपसायला लागली.

कमिटी दुपारीच बसली. मला बोलावलं नव्हतं, तरी गेले. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, विचारलं की नळ कोणी उघडा ठेवला. मी ताडकन उठले आणि सांगितलं की सहा वाजता मी माझ्या या हातानं तो असा पिळून बंद केला, आणि माझ्यानंतर आत कोण गेलं ते गायनमास्तरांनाच विचारा. पाणी प्यायला, हात धुवायला त्यांनीच उघडला असणार. गायनमास्तर लालबुंद झाले. म्हणाले, मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. मी म्हटलं, मग नळ काय प्रार्थनेनं उघडला? एकच गोंधळ झाला. चेअरमननी टेबल वाजवलं आणि दादाला विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे.

दादा माझ्याकडे बघत होता. असा की जणू मी काहीतरी बोलले आणि त्याला त्याच क्षणी काहीतरी आठवलं. मग त्यानं मान खाली घातली.

"मास्तरांचा काही दोष नाही," तो म्हणाला. "नळ माझ्याकडे होता. चूक माझी."

बस्स. एवढंच. मी त्याच्या शर्टाची बाही ओढली, चिमटा काढला, पण तो ढिम्म.

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. अरे, तू तर दवाखान्यात होतास! तुझी चूक कशी? वहिनी पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, ती नुसती डोळे पुसत होती. दादा बूट उन्हात वाळत घालत होता. मी म्हटलं, तू बोलू नकोस, मी लिहिते. दुसऱ्या दिवशी कोर्टासमोरच्या माझ्या टेबलावर बसून मी माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. तीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं. मोघम एक शब्द नाही. शनिवार, सायंकाळी सहा. नळाला पाणी नव्हते. नळाची दांडी अर्धवट होती, ती मी उजव्या हाताने उजवीकडे शेवटपर्यंत पिळून घट्ट बंद केली. नंतर दाराला कुलूप लावले. त्यानंतर गायनमास्तर आत जाताना मी समक्ष पाहिले. खाली सही. चेअरमनना दे म्हणून तो कागद मी दादाच्या हातात दिला.

त्यानं तो दोनदा वाचला. एका ओळीवर बोट ठेवून थांबला. मग घडी घातली आणि खिशात ठेवली. तो कागद कमिटीपर्यंत कधी गेलाच नाही. मी रोज विचारायचे, दिलास का? तो म्हणायचा, बघू. माझ्या डोक्यात नुसती तिडीक जायची. वाटायचं याच्या खांद्याला धरून गदागदा हलवावं आणि आतून एखादा शब्द खाली पडतो का बघावं.

पुढच्या रविवारी निर्णय कळला. महिनाअखेर किल्ल्या जमा करायच्या आणि खोल्या रिकाम्या करायच्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चेअरमननी कमिटीच्या वहीत लिहिलं की सेवकानं निष्काळजीपणा स्वतः कबूल केला आहे. सेवक! तिथे त्यांना तो शब्द बरोबर सापडला. पाळकांना सेवक म्हणतात तेव्हा सगळे उभे राहतात, आणि झाडूवाल्याला म्हणतात तेव्हा बाहेर काढतात.

त्या गुरुवारी मी वर्गात गेले ती पेटलेलीच. कंडक्टरबाईनं मागचा प्रश्न काढायच्या आधीच मी फटकारलं की गप्प राहणं देवाच्या सेवकाला शोभतं, कारण तो निर्दोष होता आणि त्याला कारण होतं. पण साध्या माणसानं गप्प बसणं म्हणजे निव्वळ भित्रेपणा. ती म्हणाली, "त्या लोकांनाही तेच वाटलं असेल ना, ताई? की याला काही कारण नाही."

मी पुस्तक मिटलं. दाराबाहेर जुडगा वाजला, दादा व्हरांडा झाडत होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. मला वाटलं, जाऊ दे ऐकू, बरंच झालं.

मग बांधाबांध सुरू झाली. वहिनीच्या एका चुलतभावानं गावाबाहेर एक खोली बघून दिली होती, एकच, पत्र्याची. माझी कॉट तिथे मावणार नव्हती. वहिनी भांडी कागदात गुंडाळायची आणि पुन्हा काढायची, कारण स्वयंपाक तर करायलाच हवा होता. दादा रोजच्यासारखाच कामाला जायचा. फुगलेल्या फळ्या त्यानं एकेक करून काढल्या, उन्हात ठेवल्या, रंधा मारला. ज्या लोकांनी त्याला बाहेर काढलं त्यांचीच फरशी तो घासून देत होता. मी दारात उभी राहून बघायचे आणि दात-ओठ खायचे.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा चेअरमननी नळवाला पाठवला. नव्या माणसाच्या हातात सगळं तपासून द्यायचं म्हणून. दादा बाजारात गेला होता, त्यामुळे खोली उघडून द्यायला मी गेले. नळवाला वाकला, नळ फिरवला, आणि पाण्याचा फवारा त्याच्या तोंडावर.

"अहो, हा कोणी बसवला?" तो चेहरा पुसत म्हणाला. "जोडीतला गरम पाण्याच्या बाजूचा नळ आहे हा. हा उलटा फिरतो. उजवीकडे उघडतो, डावीकडे बंद होतो."

मला आधी काही कळलं नाही. मी म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यानं दाखवलं. उजवीकडे पाणी, डावीकडे बंद. मी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः करून बघितलं. माझा हात आपोआप उजवीकडे गेला, शेवटपर्यंत, घट्ट, आणि पाणी धो धो आलं. माझ्या साडीवर, माझ्या चपलांवर.

दांडी अर्धवट होती, ती मी उजव्या हाताने उजवीकडे शेवटपर्यंत पिळून. माझंच वाक्य. माझीच सही. मी दुसऱ्यासाठी लिहिलं असतं तर वकिलानं मला शाबासकी दिली असती. स्वतःवर गुन्हा शाबीत करणारं इतकं स्वच्छ प्रतिज्ञापत्र मी आजवर टाइप केलेलं नाही.

आणि ते वाचून दादा त्याच ओळीवर थांबला होता. त्याच्याही आधी, कमिटीत मी हात नाचवून दाखवलं होतं, असा पिळला म्हणून. तेव्हाच त्यानं माझ्याकडे बघितलं होतं. त्या दिवसापासून त्याला माहीत होतं. आणि मी महिनाभर त्याच माणसाला भित्रा म्हणत होते, सगळ्या कमिटीसमोर गायनमास्तरांना खोटारडं ठरवून आले होते.

दादा भाजीची पिशवी घेऊन आला तेव्हा मी ओल्या साडीतच पायरीवर बसले होते. मी काही बोलायच्या आधीच त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं आणि त्याला समजलं.

मी रागावले. खरं सांगते, तेव्हासुद्धा मला आधी रागच आला. मी म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस? महिनाभर मला असं तोंडघशी पडू दिलंस?

तो माझ्याशेजारी बसला. पिशवीतली एक भेंडी काढून उगाच मोडून बघत राहिला.

"नळ मी बसवला होता," तो म्हणाला. "खूण करायची राहिली."

"सांगितलं होतंस तू. जेवताना. मीच ऐकलं नाही."

"तुझा वर्ग गेला असता." मग तो म्हणाला, "तुला चूक सहन होत नाही गं. कोणाचीच. तुझी स्वतःची तर मुळीच नाही. मला होते. म्हणून ठेवून घेतली."

तो उठला, पिशवी उचलली आणि आता हे कुठे बोलू नकोस, मिटलंय ते मिटलंय, असं सांगून आत गेला. मिटलंय म्हणे! त्याच्या घराचे पेटारे दारात बांधून ठेवले होते.

रविवारी सूचना द्यायच्या वेळी मी उठून पुढे गेले. चेअरमन म्हणाले, यादीत तुमचं नाव नाही. मी म्हटलं, माहीत आहे. आणि मग सांगितलं. वेळ, हात, बाजू, सगळं, मोघम एक शब्द न ठेवता. गायनमास्तरांकडे बघून सांगितलं की मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. तोफ म्हणवणाऱ्या बाईचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे गेला नसेल. मागच्या खांबाशी दादा उभा होता, कपाळावर आठ्या घालून. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याचं ऐकलं नाही म्हणून तो खरोखर चिडला होता.

कमिटी पुन्हा बसली, आणि दोन तास बसली. चेअरमनचं म्हणणं, नळ उलटा बसवला तो त्यानंच. पाळकसाहेब म्हणाले, "मीही फारसं काही न विचारता मान्य केलं." शेवटी गायनमास्तर उठले. ज्यांची पेटी गेली होती तेच. ते म्हणाले, मला वाचवायला जो बोलला तो एकटाच होता, त्याला तुम्ही काढताय? दादाच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या. खोल्याही. माझा वर्ग मात्र काढून घेतला, पुढचं सांगेपर्यंत. चेअरमननी ते मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जवळजवळ प्रेमळ होता. मला ओरडावंसं वाटलं, पण कशावर ओरडणार? हिशेब बरोबर होता, आणि बरोबर असला तरी घशाखाली उतरत नव्हता. गुरुवारच्या संध्याकाळी आता मी काय करू, हे मला आजही कळत नाही.

एकच मुभा मिळाली. राहिलेला तो अध्याय पुरा करून द्यावा, असं पाळकसाहेब म्हणाले. शेवटच्या गुरुवारी तिघं बसले होते. मागे दादा शिडीवर चढून दिवा बदलत होता. कंडक्टरबाईनं या वेळी बोट वर केलं नाही, प्रश्न काढला नाही, सगळं तिच्या कानावर आलंच होतं. पण तिचं बोट 'आम्ही'च्या त्या ओळीवर होतं.

"तुम्ही विचारलं होतं, आम्ही म्हणजे कोण," मी म्हटलं. "तेव्हाचे लोक, असं मी सांगितलं होतं. ते चूक. हा सगळा अध्याय त्या लोकांनी सांगितलाय ज्यांनी सेवकाला ओळखलं नाही, आणि मग ज्यांना कळलं. तो स्वतः यात एक शब्द बोलत नाही. बोलतात ते सगळे माझ्यासारखे."

मला पुढे वाचता येईना. अध्याय पाठ होता, तरी मी पुस्तक खाली ठेवलं. मी घड्याळाकडे बघितलं, सवयीनं.

शिडीवरून आवाज आला. "थांबू नकोस. पुढं तो सेवक प्रकाश बघतो." आणि दिवा लागला का बघायला दादानं खाली बटणाकडे बोट दाखवलं.

अठ्ठावीस वर्षांत त्या भिंतींच्या आत तो आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. कमिटीपुढे बोलला असता तर माझा किती त्रास वाचला असता! मी उठून बटण दाबलं, आणि परत बसून पुढचं वाचलं.